व्रत आणि वात्सल्य

मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेने जर्मन भूमी ढवळून निघाली होती. न्यूरेंबर्ग नगराने १५२५ साली नवे मत स्वीकारले आणि संत क्लाराच्या मठावर संकट कोसळले. १४ जूनला, एका मोठ्या उत्सवाच्या पूर्वदिनी, तीन माता आपापल्या संन्यासिनी कन्यांना न्यावयास आल्या. विशीच्या उंबरठ्यावरील काथारिना एब्नर शास्त्राधार देत निश्चलपणे बोलत राहिली. व्रत मोडावयास ती सिद्ध नव्हती. अखेर तिघींना ओढीत, ढकलीत बाहेर काढण्यात आले. मातांना आम्ही दोष तरी कसा द्यावा? मठात कन्येचे पारलौकिक अकल्याण होते, ही त्यांचीही श्रद्धाच! वर्षाअखेरीस ल्यूथरचे सहकारी मेलांख्थोन मठात आले. ही बळजोरी त्यांनाही रुचली नाही. मठ राहिला, पण नव्या मुलींना प्रवेश बंद झाला. कालांतराने शेवटची संन्यासिनीही निवर्तली.