मुलाची वेदना आणि परिचारिकेचे कसब

चंद्रपूरच्या भूमिगत कोळसाखाणीत डोळ्यांना न दिसणारा वायू ओळखण्याची परीक्षा दिल्यावाचून कोणी मायनिंग सरदार होऊ शकत नाही. पाळीतल्या मजुरांचे प्राण त्याच्या त्या कसबावर अवलंबून असतात. मुलाच्या अंगातली वेदनाही अशीच अदृश्य असते. परिचारिकेच्या बाबतीत मात्र 'माया असली म्हणजे झाले' असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते ही समजूत घातक आहे.

आपल्याकडील उदाहरण घेऊ. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्टीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा उठतात. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात. असा आजार वर्षानुवर्षे सोबत राहतो. म्हणून उपचारांच्या जोडीने वेदना हलकी करणारी शुश्रूषा निदानाच्या दिवसापासूनच हवी. तिला परिहार सेवा म्हणतात. ती केवळ मरणोन्मुख रोग्यासाठी असते, हा गैरसमज आहे.

या सेवेतले पहिले कसब मोजमापाचे. बोलता न येणाऱ्या मुलाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि जवळ घेतल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. बेरीज दहाकडे जाऊ लागली की वेदना तीव्र समजावी. दुसरे कसब औषधाचे. मॉर्फिन लिहून देणे हे डॉक्टरांचे काम. परंतु वजनाशी मात्रा ताडून पाहणे, ती वेळेवर देणे, श्वास मोजणे आणि बद्धकोष्ठाकडे लक्ष ठेवणे हे परिचारिकेचे. 1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन रुग्णालयांची वाट सोपी झाली. पण हाताला सवय नसेल तर भीतीपोटी बाटली कपाटातच राहते. तिसरे कसब संवादाचे. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या लेकराला 'कुठे दुखते?' हे त्याच्याच बोलीत विचारता आले पाहिजे. आईला घरी काय करावे, पुन्हा केव्हा यावे, हेही तितकेच नीट सांगता आले पाहिजे.

'जंगलात हे शिक्षण कसे जमणार?' असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गडचिरोलीनेच देऊन ठेवले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतल्या बेताच्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची काळजी शिकवली. तुलनेच्या गावांशी ताडता नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तो विषय निराळा होता. पण कसब शिकवता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

मात्र दोन दिवसांच्या शिबिराने कारागीर घडत नाही. जाणत्या हाताखाली खाटेशेजारी सराव हवा, आणि शिकलेल्या परिचारिकेला त्याच कामावर टिकण्याची शाश्वती हवी. कंत्राट संपले की ती जाते, आणि तिच्याबरोबर कसबही जाते. ही मागणी तिच्या पगारापुरती नाही. रात्री कळवळणाऱ्या मुलाची ती मागणी आहे. त्याला संघटना नसते.