मेंढरू, हात आणि काटा

मेंढरू पाठीवर हात ठेवून घ्यायचे असते, असे पुरंदरच्या एका धनगराने मला ऐकवले होते. कण्याजवळचे मांस चाचपायचे, उचलून अंदाज घ्यायचा आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायचा. त्याचा मुलगा शिवाजीनगरच्या आमच्या शेतकी कॉलेजात शिकत होता. २०१३ साली बारा मुलामुलींना घेऊन आम्ही ऑस्ट्रेलियाला गेलो, त्यांत तोही होता.

न्यू साउथ वेल्समधला कत्तलखाना पाहायचा होता त्या सकाळी सदाशिव पेठेतल्या एका मुलीने नाश्ताच केला नाही. घरात अंडेही न शिजणारे. ‘‘सर, मी बाहेर थांबू का?’’ म्हणाली. थांब म्हटले. पण पांढरा कोट, जाळीची टोपी, गमबूट चढवून ती रांगेत उभी होतीच.

मेंढ्या आदल्या दिवशी आणून, पाणी पाजून विसावलेल्या. डोक्याला विजेचा झटका, मेंढी बेशुद्ध, मग सुरी. हा झटका दिलेली मेंढी मारली नाही तर पुन्हा शुद्धीवर येते, म्हणून तो हलालात चालतो, हे तिथल्या पशुवैद्याने समजावले. सुरी वरचेवर ८२ अंशांच्या पाण्यात बुडवायची. साखळीवरून धड पुढे सरकते, कातडे निघते, तपासनीस यकृत-फुप्फुसे उलटून पाहतो. माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडचे रस्त्याच्या धुळीत टांगलेले मटण येत होते. पेठेतल्या मुलीने नाकाशी धरलेला रुमाल केव्हा खिशात गेला, तिलाही कळले नसावे.

धनगराचा पोर अडला तो शेवटच्या काट्यापाशी. दर धडाचे वजन, चरबीची जाडी, मालकाचा नंबर, पैसे त्यावरच.

‘‘मालक इथं नसतो?’’

‘‘कशाला? त्याला हिशेबाची चिठ्ठी जाते.’’

हे त्याला पटेना. बाजारात बाप हजर असूनही फसतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. एका मेंढपाळाने ‘बूरूला’ मेरिनोची गोष्ट सांगितली. ही मेंढी जुळी-तिळी देते आणि तो गुण १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने आलेल्या बंगाली मेंढ्यांकडून आला असावा, असे मानतात. सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतही तोच जीन आहे, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तो दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली.

‘‘सर, फलटण आमच्या गावापासून दोन तासांवर!’’ पोरगा ओशाळून म्हणाला. लगेच हिशेबही मांडला: जुळी कोकरे जन्मतः हलकी, आईचे दूध वाटले जाणार, वर चाऱ्यासाठी रोजची पायपीट. आणि नजरेच्या सौद्यात बारीक कोकराला आधी पाडून मागणार. काटा नसेल तर जुळ्यांचा फायदा दलालाचा.

परतल्यावर त्याने लटकता काटा घेऊन लिंबाला बांधला. बापाने आधी कोकराच्या पाठीवर हात फिरवला नि म्हणाला, ‘‘अठ्ठावीस.’’ काट्यावर साडेसत्तावीस भरले. म्हातारा खूश झाला. त्याच कोकराला व्यापाऱ्याने आदल्या बाजारात तेवीस धरले होते.