यूएसबी की ऑप्टिकल? आधी वीज कुठून येते ते पाहा
संगणकावरचा आवाज : भाग ६

मागच्या भागात आपण डॅक पाहिला. संगणकातल्या आकड्यांपासून ॲम्प्लिफायरला कळेल असा विजेचा सिग्नल तयार करणारी ही पेटी. तिच्या मागे बहुधा दोन सॉकेट असतात : एक यूएसबीचं, दुसरं छोटं झाकण असलेलं, ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं. दोन्हींतून तेच आकडे जातात. मग जोडायचं कोणतं? दुकानात ‘ऑप्टिकलचा आवाज साफ’ असं सांगतात. वडवणीसारख्या गावात ते बऱ्याचदा खरंही ठरतं, पण त्याचं कारण वेगळंच आहे.

ऑप्टिकल जोडणी तोशिबा कंपनीने १९८३मध्ये आणली, सीडी प्लेअर ॲम्प्लिफायरला जोडण्यासाठी. टॉसलिंक हे नाव त्यावरूनच पडलं. आत तांब्याची तार नाही, सुमारे एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा तंतू आहे. एका टोकाला लाल एलईडी उघडझाप करते, दुसऱ्या टोकाचा सेन्सर ती वाचतो. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ आवाजासाठी सेकंदाला सुमारे २८ लाख बिट जातात. ग्रामपंचायतीत येणाऱ्या भारतनेटच्या केबलमध्येही प्रकाशच असतो. पण तो तंतू काचेचा आणि प्रकाश इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा. आपला लाल उजेड मात्र केबलचं टोक तळहातासमोर धरलं की दिसतो, त्यामुळे सिग्नल येतोय का हे लगेच कळतं.

यूएसबी १९९६मध्ये आली, ती कीबोर्ड, माउस, प्रिंटर अशा सगळ्यांसाठी. तिच्यात डेटाच्या तारांबरोबर पाच व्होल्टची आणि ग्राउंडची तारही असते. सुरुवातीच्या अनेक यूएसबी डॅकना संगणकाच्या तालावर चालावं लागे. संगणक एकाच वेळी पन्नास कामं करतो, त्यामुळे तो ताल किंचित डळमळे. पुढे ‘असिंक्रोनस’ पद्धत रुळली. तिच्यात डॅकचं स्वतःचं घड्याळ मुख्य असतं आणि तोच संगणकाला डेटा जरा लवकर किंवा जरा सावकाश पाठवायला सांगतो. ऑप्टिकलमध्ये मात्र घड्याळाचा ताल त्या लाल उघडझापीतच मिसळलेला असतो. घेणाऱ्या यंत्राला तो त्यातून वेगळा काढावा लागतो. म्हणजे या मुद्द्यावर यूएसबीच पुढे आहे. बरा डॅक असेल तर हा फरक कानाला कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कानाला कळतं ते हमिंग.

सप्ताहाचा मंडप डोळ्यांसमोर आणा. ॲम्प्लिफायर आणि मिक्सर जनरेटरवर, लॅपटॉपचा चार्जर शेजारच्या घरातून ओढलेल्या बोर्डावर. दोन ठिकाणचं अर्थिंग कागदावर एकच असलं तरी प्रत्यक्षात दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक राहतो. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातलं नाही, की तो आणखी वाढतो. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर तारेने जोडले की या फरकामुळे ग्राउंडच्या तारेतून छोटा प्रवाह वाहू लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्पीकरमधून ५० आणि १०० हर्ट्झची घरघर येते. कीर्तनाच्या साथीला हे फार वाईट. पखवाजाच्या डाव्या पुडीचा, कणीक लावून आणलेला घुमारा याच खालच्या पट्टीत असतो. घरघरीत तो बुडतो, आणि काल्याच्या कीर्तनाच्या रेकॉर्डिंगमध्ये शिरलेली घरघर नंतर काढायला गेलं तर पखवाजही पातळ होतो.

‘पण यूएसबी तर डिजिटल आहे, तिच्यात घरघर कुठून आली?’ असं अनेकजण विचारतात. आकड्यांत ती नसतेच. यूएसबीच्या ग्राउंडच्या तारेतून प्रवाह डॅकमध्ये येतो, आणि डॅकपासून ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या साध्या ऑडिओ वायरमध्ये सिग्नलला चिकटतो. ऑप्टिकल केबल ही वाट बंद करते. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. ‘आवाज साफ’ होतो तो यामुळे.

निदान सोपं आहे. घरघर चालू असताना लॅपटॉपचा चार्जर काढा. बॅटरीवर ती थांबली तर दोष या ग्राउंडच्या फेऱ्याचा. आधी लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेऊन पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. काही ठिकाणी ॲम्प्लिफायरच्या प्लगची जाड अर्थिंगची पिन काढून टाकतात. घरघर जाते, पण ॲम्प्लिफायरच्या आत फेजची तार सुटून पत्र्याला लागली तर तो करंट माईक हातात धरलेल्या माणसाकडे जातो. ही पिन कोणत्याही कारणाने काढू नका.

एकाच बोर्डाने भागलं नाही, तर ऑप्टिकल. बहुतेक नव्या लॅपटॉपना ऑप्टिकल आउटपुट नसतं; अनेक डेस्कटॉप मदरबोर्डना असतं. जुन्या मॅकबुकच्या हेडफोनच्या भोकातही ते लपलेलं असे, २०१६च्या मॅकबुक प्रोपासून ते गेलं. नसेल तर यूएसबीतून ऑप्टिकल देणारी छोटी पेटी मिळते. तिथून ऑप्टिकल केबल डॅककडे, डॅकपासून वायर ॲम्प्लिफायरला.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. ऑप्टिकल डॅकलाही वीज लागते, आणि ती सोयीची म्हणून लॅपटॉपच्याच यूएसबीतून घेतली जाते. तसं केलं की ग्राउंडची तार पुन्हा जोडली गेली आणि ऑप्टिकल केबलचा खर्च वाया गेला. डॅकला वीज ॲम्प्लिफायरच्या बाजूच्या बोर्डावरूनच द्या, वेगळ्या ॲडॅप्टरने.

घरी हेडफोनवर ऐकत असाल तर यातलं काहीच लागू नाही. डॅक लॅपटॉपवर चालतो, हेडफोन डॅकला. दुसरं अर्थिंग चित्रातच नाही. तिथे सरळ यूएसबी घ्या. रेकॉर्डिंगलाही यूएसबीच सोयीची, कारण एकाच केबलमधून आवाज आतही येतो आणि बाहेरही जातो. ऑप्टिकल एकाच दिशेने चालते. विंडोज १०मध्ये २०१७पासून नव्या पद्धतीचे यूएसबी डॅक वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात, ती कटकटही कमी झाली आहे. टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरला न्यायचा असेल तर मात्र ऑप्टिकल चांगली, ५.१ डॉल्बीसकट.

सोन्याचा मुलामा दिलेल्या ऑप्टिकल केबलला जास्त पैसे देऊ नका. प्रकाशाला सोन्याचा काही उपयोग नाही. तंतू स्वच्छ आणि न दुमडलेला असला की पुरे. टोकांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या मात्र जपून ठेवा. आपल्याकडे धूळ फार, आणि धूळ बसली की उजेड मंदावून आवाज तुटायला लागतो. केबल घट्ट वळवून गुंडाळू नका, मंडपात खुर्च्यांच्या पायाखाली येऊ देऊ नका.

लांबीचंही बंधन आहे : यूएसबी २.० पाच मीटरपर्यंत, साधी ऑप्टिकलही पाच मीटरपर्यंत निर्धास्त, फार तर दहा. मंडपात मंचापासून मिक्सर याहून लांब असतो. म्हणून लॅपटॉप आणि डॅक मिक्सरशेजारीच ठेवायचे, आणि तिथून पुढचं लांबचं अंतर बॅलन्स्ड वायरने कापायचं. ती वायर घरघर कशी अडवते, ते पुढच्या भागात.