यूलेनेक आणि कणीस : पाखरांच्या वाट्याविषयी एक टिपण

नॉर्वेचा चित्रकार अडोल्फ टिडेमान (१८१४–१८७६) याने १८४६ साली ‘नॉर्वेतील नाताळची चाल’ या अर्थाच्या शीर्षकाचे एक चित्र काढले. ख्रिस्तजन्माचा प्रसंग हा त्याचा विषय नव्हे. एक शेतकरी कुटुंब पाखरांसाठी न मळलेल्या धान्याची पेंढी उभारीत आहे, एवढेच त्यात आहे. या पेंढीस नॉर्वेजियन भाषेत ‘यूलेनेक’ म्हणतात. १७५३ साली बर्गेनचा बिशप पोन्टोपिदान याने आपल्या ग्रंथात या चालीचा निर्देश केला आहे. पेंढी बहुधा ओटची असते आणि तिच्यावर जितकी पाखरे उतरतील तितके पुढील वर्ष सुगीचे, अशी समजूत होती.

शब्दाची फोड उद्बोधक आहे. ‘नेक’ म्हणजे कापलेल्या धान्याची पेंढी. ‘यूल’ हा ख्रिस्तपूर्व हिवाळी उत्सवाचा शब्द असून दहाव्या शतकात हाकोन राजाने तो उत्सव ख्रिस्तजन्माच्या तिथीशी जुळविला, असे स्नोरी सांगतो. आपल्या ‘नाताळ’ शब्दात पोर्तुगीज ‘नाताल’, म्हणजे जन्म, स्पष्ट आहे. ‘यूल’मध्ये जन्माचा मागमूसही नाही. उलट पाखराच्या नावात मात्र धर्म शिरला आहे : तांबड्या छातीच्या, काळ्या टोपीच्या एका हिवाळी पाखराला तेथे ‘डोमपाप’, म्हणजे जवळजवळ ‘देवळातले पाद्रीबाबा’, म्हणतात. या पेंढीवर पिवळे भारीटही येतात. हिवाळ्यात आपल्या ज्वारीवर थव्यांनी उतरणारे काळ्या डोक्याचे भारीट त्यांचेच सगोत्र होत.

आता आपल्याकडे पाहू. पाखरांचा वाटा ही कल्पना आपल्याला नवी नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाने काढून ठेवावयाच्या बलीच्या अधिकाऱ्यांत कावळ्यांची गणना आहे. पितृपक्षातील काकबळी आजही चालू आहे. याहून निराळी, पोथीबाहेरची एक रीत जुन्या कृषिजीवनात होती. सुगी झाल्यावर ज्वारी-बाजरीची निवडक कणसे एकत्र बांधून चिमण्यांसाठी ओसरीवर किंवा देवळात टांगीत. पीक उभे असता माळ्यावरून गोफणीने ज्यांना हाकलावयाचे, त्यांनाच पुढे घरी बोलावून खाऊ घालावयाचे! यात विसंगती नाही. खळ्यावर रास पडेपर्यंत पाखरू चोर असते; रास पडल्यावर ते बलुतेदारांप्रमाणे हक्काचे वाटेकरी ठरते.

‘कणीस’ हा शब्द संस्कृत ‘कणिश’पासून आला. वारली व कोकणा समाजांच्या धान्यदेवतेचे ‘कणसरी’ हे नाव त्याच कुळातले, असे मला वाटते. देवतेला नाव आहे, काकबळीला नाव आहे. पण चिमण्यांसाठी टांगलेल्या त्या जुडीला ‘यूलेनेक’सारखे एकच सर्वमान्य नाव प्रमाण मराठीत रूढ झाले नाही. माझ्या मते ही उणीव लहान नाही. नॉर्वेत कापणी-मळणी एकत्र करणारे यंत्र आल्यावर शेतात पेंढी उरली नाही. तरीही नाताळात विकण्यासाठी ती आजही मुद्दाम बांधली जाते, कारण मागावयाची वस्तू नावाने ठाऊक आहे. बिननावाच्या वस्तूला कोण मागणार?

सटाणा परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही. एकेकाळी बाजरीसाठी राबणाऱ्या बागलाणातील या भूमीची ओळख आज डाळिंब आणि कांदा ही आहे. डाळिंबाला कणीस नसते. फळबागेवर पाखरांसाठी असते ती जाळी. मार्गशीर्ष वद्य एकादशीपासून देवमामलेदारांच्या यात्रेसाठी गावोगावची वृद्ध मंडळी सटाण्यास येतात. दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडणाऱ्या पुरुषाची ही यात्रा या चौकशीला अनुकूल आहे. अहिराणी घरांतील विद्यार्थ्यांनी तेथे एवढेच विचारावे : ती जुडी कोण बांधीत असे, कोणत्या दिवशी, आणि घरात तिला काय म्हणत? उत्तर मिळेल तसे, उच्चारासह टिपून घ्यावे. ते प्रमाण भाषेत बदलून लिहू नये.