मागच्या फळीवरचे इंजिन

13 ऑक्टोबर 2020 रोजी हैदराबादेत जो पाऊस कोसळला, त्यानंतर येथील कित्येक वसाहतींच्या गल्ल्यांतून बोटी फिरल्या. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 2019 मध्ये, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले आणि नरसोबाच्या वाडीवरून खाली बेळगाव जिल्ह्यापर्यंत, मराठी गाव की कानडी गाव हे न विचारता, पसरले. अशा प्रसंगीच्या छायाचित्रांत बोट दिसते, बोटीतली माणसे दिसतात. मागच्या फळीला अडकवलेल्या इंजिनाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. हे इंजिन किती उंचीवर बसवले आहे आणि किती कललेले आहे, यावर बोटीचे वागणे बरेचसे ठरते. या दोन्ही गोष्टी जुळवायला फारसा खर्च नाही. एक पाना, एक सरळ पट्टी आणि अकरावी-बारावीचे पदार्थविज्ञान पुरते.

बोटीबाहेर टांगायचे हे इंजिन बाजारात रुजवले ते नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी, 1909 साली, अमेरिकेतील मिलवॉकी येथे. वर इंजिन, त्याखाली उभा दांडा, तळाशी दातेरी चाके आणि पंखा, ही त्याची मूळ रचना अद्यापि तीच आहे. दांड्याची लांबी साधारणपणे 15 किंवा 20 इंच असते आणि ती मागच्या फळीच्या उंचीशी जुळावी लागते. घाईत एका बोटीचे इंजिन दुसरीला लावले, की पहिली चूक येथेच होते.

पंख्याच्या थोडे वर एक आडवी सपाट पट्टी असते. तिला सर्रास ‘कॅव्हिटेशन प्लेट’ म्हणतात, पण ते नाव चुकीचे आहे. कॅव्हिटेशन म्हणजे पात्याजवळचा दाब अतिशय कमी झाल्याने पाण्याची तेथल्या तेथे वाफ होणे. ही पट्टी ते थांबवू शकत नाही. पृष्ठभागावरची हवा खाली पंख्यात ओढली जाऊ नये, एवढेच तिचे काम. हवा शिरली की पंख्याला रेटायला घट्ट पाणी मिळत नाही. इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि बोट मात्र जागची फारशी हलत नाही. चिखलात रुतलेल्या मोटारीचे चाक जसे नुसते गरगरते, तसेच हे.

उंची जुळवताना बोटीच्या तळाला सरळ पट्टी लावून ती मागे वाढवावी. इंजिन उभे असताना ती आडवी पट्टी या रेषेत, किंवा फार तर इंचभर खाली असावी. ही सुरुवात झाली. मग अर्धा अर्धा इंच उंच करून, बोटीत नेहमीचे वजन ठेवून, वळण घेऊन पाहावे. वळणावर आवाज चढला तर इंजिन फार वर गेले. पुन्हा एक पायरी खाली यावे. थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याची जी बारीक धार इंजिनातून बाहेर पडते, तीही अखंड हवी. ती तुटली तर इंजिन तापते. उलट इंजिन फार खाली असेल तर दांड्यावर पाणी आदळून फवारे उडतात, सुकाणूचा दांडा जड होतो, वेग घटतो. आणि पुराच्या पाण्याखाली कुंपणाच्या भिंती, तारा, बुडालेल्या स्कूटरी असतात; तेथे उगाच खाली गेलेला एक इंचसुद्धा महागात पडतो.

इंजिन उंच करण्यासाठी फळीवर लाकडी पट्टी ठोकतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येथे सावध करावे: तांब्याची रसायने मुरवलेले लाकूड किंवा पितळी बोल्ट ॲल्युमिनियमला लागून ठेवू नयेत. ओलावा मिळाला की त्यांचा विद्युतघट तयार होतो आणि झिजते ते ॲल्युमिनियम.

आता कल. लहान इंजिनांच्या चिमट्यात चार-पाच भोके असतात. त्यांपैकी एकात खीळ घालतात व इंजिनाचा दांडा तिच्यावर टेकतो. खीळ फळीपासून दूर नेली तर पंखा पाणी मागे व किंचित वर फेकतो. प्रतिक्रिया म्हणून बोटीची मागची बाजू दबते, पुढचे टोक उचलते. खीळ जवळ आणली तर याच्या उलट घडते. पुढचे टोक फार उचलले तर चालवणाऱ्याला समोरचे दिसत नाही आणि बोट उड्या मारू लागते. फार दबले तर ती नांगरासारखी पाणी कापत जाते, हवे तेथे वळत नाही.

पण या खिळीला अवास्तव महत्त्व देऊ नये, असे माझे मत आहे. समजा पंख्याचा रेटा 100 किलो आणि कल 6 अंश आहे. त्याचा उभा भाग सुमारे साडेदहा किलो येतो. पंखा गुरुत्वमध्यापासून दोन मीटर मागे धरला, तर परिबल होते 21 किलो-मीटर. आता 60 किलोचा एक माणूस मागून एक मीटर पुढे सरकला, तर फरक पडतो 60 किलो-मीटरचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट! ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या जेमतेम एक-तृतीयांश; बोट हलकी, म्हणून माणसे कोठे बसली याचा परिणाम तिच्यावर फार. चालवणारा आणि इंजिन दोघेही मागेच असतात. तेव्हा आधी माणसे व सामान नीट मांडावे, मग उरलेला कल खिळीने जुळवावा. वजनच मर्यादेबाहेर गेले तर कोणतीही खीळ उपयोगी पडत नाही. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले.

एक कळ राहिली. इंजिन वर उचलू न देणारा खटका उथळ पाण्यात पुढे जाताना मोकळा ठेवावा, म्हणजे दगड लागल्यास इंजिन आपोआप वर उसळते व पंखा वाचतो. मागे जाताना मात्र तो लावावाच लागतो, नाही तर पंख्याचाच रेटा इंजिनाला पाण्याबाहेर काढतो. खीळ बदलायची ती इंजिन बंद करूनच.