पिल्लाला एकच लस पुरत नाही

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. अशा गावांत शेतवस्तीवर राखणीला कुत्रे लागतेच. हौसेने आणलेले दोन-तीन महिन्यांचे पिल्लू एखाद्या दिवशी मलूल होते, खाणे सोडते, ओकू लागते. पाठोपाठ रक्तमिश्रित, उग्र वासाची हगवण सुरू होते. ‘कुणीतरी विष घातले’ असे घरचे म्हणतात. पण अशा वेळी आधी शंका घ्यावी ती पार्व्होची.

१९७८ च्या सुमारास हा विषाणू पुढे आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. जानेवारी २०२२ मध्ये अमरावतीत त्याने पिल्ले दगावल्याच्या बातम्या होत्या. तो आतड्याचे अस्तर सोलून काढतो, अस्थिमज्जेवर घाला घालून पांढऱ्या पेशी घटवतो. अंगातले पाणी संपते, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. उपचाराविना बहुतेक पिल्ले मरतात. वेळेत सलाईन, ओकारी थांबवणारी औषधे आणि प्रतिजैविके मिळाली तर बहुतेक वाचतात. म्हणून दही-ताक पाजत, माणसांच्या गोळ्या देत दिवस घालवू नये. त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा.

लस आहे, पण खरी चूक तिथेच होते. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाला जपते आणि तीच लसही निकामी करते. ती नेमकी कधी ओसरेल, हे प्रत्येक पिल्लात वेगळे. त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. पुढची लस वर्षाने. रेबीजची लस वेगळी. ती दिली म्हणजे पार्व्हो टळला असे नाही. दुकानातून लस आणायची तर बर्फातच आणावी, नाहीतर पैसे पाण्यात.

हा कुत्र्यांचा पार्व्हो माणसाला होत नाही, पण माणसाच्या चपलांवरून घरोघर जातो. फरशी आधी धुऊन, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी टाकून दहा मिनिटे ओली ठेवली की तो मरतो. शेणाने सारवलेल्या अंगणात मात्र ब्लीचचे फारसे चालत नाही आणि विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. आधीचे पिल्लू ज्या अंगणात गेले, तिथे नवे आणायचे तर लसीचे सर्व डोस झालेलेच आणावे.