ओएससीपीला लागलेली मुदत

१ नोव्हेंबर २०२४पासून ओएससीपी ही हॅकिंगची प्रात्यक्षिक परीक्षा पास होणाऱ्याच्या हाती दोन प्रमाणपत्रं पडतात. साधं ओएससीपी तहहयात, आणि दुसरं ओएससीपी प्लस, ज्याची मुदत तीन वर्षं. जुन्यांचं कुणी काही काढून घेतलेलं नाही, हे खरं. पण उद्या एचआरच्या जाहिरातीत कुठलं झळकणार, हे या धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको.

सायबरसुरक्षेच्या प्रमाणपत्रांची सुरुवातीची वर्षं भराभर उलटली तरी चालतील. १९९४मध्ये सीआयएसएसपी, २००३मध्ये सीईएच. सगळा कारभार चार पर्यायांचा. सीईएचला चार तासांत १२५ प्रश्न. एनमॅप या स्कॅनरचा कुठला स्विच कशासाठी, एवढं पाठ असलं की निम्मं काम झालं. नेटवर्किंगमधली सिस्कोची सीसीआयई तर १९९३पासूनच उमेदवाराला लॅबमध्ये बसवत होती. सुरक्षावाल्यांनी तिकडे काणाडोळा केला, कारण टिकमार्क तपासायला माणूस ठेवावा लागत नाही.

पुण्यातल्या एका क्लासवाल्याने पहिल्याच दिवशी डम्पची, म्हणजे फुटलेल्या प्रश्नांची पीडीएफ आमच्या हातात ठेवली होती. ‘सर, लॅब?’ ‘आधी सर्टिफिकेट घ्या, लॅब नोकरीत होते.’ पोरं पास झाली, नोकरीला लागली आणि नेसस स्कॅनरने आपोआप काढलेला रिपोर्ट लोगो बदलून क्लायंटला धाडू लागली. क्लायंटही खूश, पानं भरपूर होती ना!

मग आलं ओएससीपीचं दशक. २०१३च्या मार्चमध्ये बॅकट्रॅक हे हॅकिंगचं लिनक्स जाऊन काली आलं आणि आमच्यातला जो तो व्हीपीएन जोडून रात्री जागवू लागला. फोडायला पाच मशीन, पावणेचोवीस तास, पास व्हायला शंभरपैकी सत्तर गुण. मेटास्प्लॉइट हे तयार हत्यार एकाच मशीनवर चालायचं. बफर ओव्हरफ्लोचे २५ गुण म्हणजे हक्काची कमाई: ‘ए’ अक्षरांची रांग पाठवायची, प्रोग्राम कोसळायचा आणि डीबगरमध्ये ईआयपीसमोर ४१४१४१४१ उमटायचं. इथून पुढे ऑफसेट, बॅड कॅरेक्टर, जेएमपी ईएसपी. यातली एक पायरी चुकली की शेल नाही, आणि ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय तर नाहीच नाही.

खरी मेख दुसऱ्या दिवशी. पुढच्या चोवीस तासांत रिपोर्ट. प्रूफ फाइल आणि मशीनचा आयपी एकाच स्क्रीनशॉटमध्ये नसेल, तर मशीन फोडूनही गुण गेले. डोळे तारवटलेले असताना, दुसऱ्याला तीच पावलं टाकता येतील असं लिहायचं. कन्सल्टन्सीत रोज हेच तर करावं लागतं, आणि ते तपासणारी दुसरी परीक्षा तेव्हा माझ्या पाहण्यात नव्हती.

२०१८च्या ऑगस्टपासून वेबकॅमची पाळत आली. तोतयांनी ती ओढवून घेतली, तिच्याबद्दल तक्रार नाही. त्याच वर्षी सीईएचनेही सहा तासांची प्रॅक्टिकल काढली. पण वेगळी, ऐच्छिक, वेगळी फी भरून! जुने १२५ प्रश्न जागच्या जागी राहिले. २०२२च्या जानेवारीत ओएससीपीतले बफर ओव्हरफ्लोचे हमखास गुण गेले आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीला ४० मिळाले. बदल रास्त होता. कंपन्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीवरच चालतात. तरी ते ४१४१४१४१ गेल्याची रुखरुख आहेच.

प्लसची मुदत मात्र पटत नाही. विद्या शिळी होते, मान्य. मग दर तीन वर्षांनी मशीनपुढे बसवा. पण नूतनीकरणाच्या वाटांमध्ये फेरपरीक्षेबरोबर प्रशिक्षणाची क्रेडिट्स जमवण्याचीही सोय आहे. हात चालवून मिळवलेलं तास भरून टिकवता येणार असेल, तर त्या क्लासवाल्याचा धंदा पुन्हा तेजीत.